ओटीपोटाच्या ऑपरेशननंतर लघवीची तक्रार आणि नसांची विद्युत उत्तेजना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्भाशय, गर्भाशयाचं तोंड, गुदाशय किंवा ओटीपोटातल्या इतर अवयवांचं मोठं ऑपरेशन झाल्यावर ज्यांना लघवी होत नाही, अर्धवट होते किंवा धरवत नाही, अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. पुण्यात उपचारासाठी सातारा, सोलापूर, नगरहूनही माणसं येतात. आठवड्यातून एकदा येणं शक्य आहे का, घरी खाली बसायचा संडास आहे का, दुचाकीशिवाय कामावर जाता येतं का, या गोष्टींवरही उपचार ठरतो. म्हणून तेही इथे घेतलं आहे.

ऑपरेशन गर्भाशयाचं झालं, मग लघवी का अडली?

मूत्राशय आकुंचन पावायला लागतं ते कण्याच्या खालच्या टोकाकडून, म्हणजे त्रिकास्थीतल्या दुसऱ्या ते चौथ्या छिद्रांतून येणाऱ्या नसांच्या हुकमावरून. या नसा पुढे येऊन कमरेकडून उतरणाऱ्या दुसऱ्या नसांना मिळतात आणि गुदाशयाच्या दोन्ही बाजूंना त्यांचं बारीक जाळं तयार होतं. तिथून हे जाळं गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या बंधांच्या कडेकडेने मूत्राशयापर्यंत जातं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये सर्जनला नेमके हेच बंध रुंद कापावे लागतात. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये नेमक्या याच कडेने गुदाशय सोडवावा लागतो. तंतू केसासारखे बारीक, त्यात भोवती चरबी आणि रक्त. त्यामुळे कितीही काळजी घेतली तरी काही तंतू ताणले जातात, काही भाजतात, काही तुटतात.

साध्या कारणासाठी, म्हणजे गाठी किंवा जास्त रक्तस्राव म्हणून, गर्भाशय काढलं असेल तर कापणी एवढी रुंद नसते. तिथे पुष्कळदा लघवी अडते ती भूल, दुखणं आणि ऑपरेशनच्या रात्री मूत्राशय मर्यादेबाहेर ताणला गेल्यामुळे. बहुतेकांची ती अडचण काही दिवसांत सुटते.

नसा तुटल्या की ताणल्या, हे कळतं का?

लगेच नाही. नुसता दाब किंवा ताण बसलेली नस काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत जागी होते. आतला तंतू तुटला पण आवरण शाबूत राहिलं, तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो, म्हणजे काही सेंटिमीटरला महिने लागतात. पूर्ण तुटलेली नस आपली आपण जुळत नाही. म्हणूनच नसांना सौम्य वीज देणाऱ्या, अंगात बसवायच्या कायमच्या उपकरणाचा विचार सहसा सहा महिन्यांनंतर, आणि कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर कित्येकदा वर्षभराने केला जातो. ज्या रुग्णाची लघवी दर महिन्याला थोडी थोडी सुधारते आहे, त्याच्या अंगात बॅटरी बसवण्याची घाई करू नये.

ओपीडीत सांगताना काय चुकतं?

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे ‘पिशवी काढली’ म्हणजे गर्भाशय काढलं, आणि ‘लघवीची पिशवी’ म्हणजे मूत्राशय. शिवाय नळीला जोडलेली प्लॅस्टिकची थैलीसुद्धा पिशवीच. ‘पिशवी भरते, पण कळत नाही’ या वाक्याचे तीन अर्थ होतात. त्यामुळे ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद बरोबर ठेवा आणि बोलताना ‘गर्भाशय’, ‘मूत्राशय’, ‘थैली’ असे वेगळे शब्द वापरा. ‘नस’ या शब्दाचंही तसंच. या पानावर नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे, मज्जातंतू.

वाट बघायची तोपर्यंत लघवीचं काय?

ठरावीक वेळाने स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामा करायचा. ही पद्धत १९७२ पासून रूढ झाली आणि तिने असंख्य लोकांच्या किडन्या वाचवल्या आहेत. नळी कायमची आत ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण आत राहिलेल्या नळीवर जंतूंचा थर बसतोच.

दिवसातून चार ते सहा वेळा. एका वेळची लघवी ४०० ते ५०० मिलीच्या पुढे जाऊ देऊ नका. गेलीच तर नळीच्या वेळा वाढवा, पाणी तोडू नका. नळी १२ किंवा १४ नंबरची, साधी, फुगा नसलेली. हात साबणाने धुवा, जागा पाण्याने स्वच्छ करा, नळीला जेली लावा. बाईने आरसा समोर ठेवून योनीच्या वरचं छोटं तोंड ओळखायला शिकावं. आठवड्याभरात आरसा लागत नाही. पुरुषाने लिंग वर, पोटाच्या दिशेने धरावं, म्हणजे मार्गातलं वळण सरळ होतं. प्रोस्टेटजवळ अडथळा लागला की जोर लावायचा नाही. एक लांब श्वास सोडायचा आणि हलका दाब तसाच ठेवायचा. लघवी थांबली की नळी एकदम ओढू नका. थोडी थोडी मागे घ्या, कारण तळाची शिल्लक शेवटी येते.

कुंथून किंवा पोट दाबून लघवी काढण्याची सवय लावून घेऊ नका. आतला दाब वाढतो, लघवी किडनीकडे उलटी चढू शकते, आणि ताज्या टाक्यांवर ताण येतो तो वेगळाच. नळी घालणाऱ्यांच्या लघवीच्या तपासणीत जंतू बहुतेक वेळा सापडतात. ताप, थंडी, कुशीत दुखणं किंवा नवी जळजळ यातलं काही नसेल, तर नुसत्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक घेऊ नका.

डायरी कशासाठी? डॉक्टर तपासतीलच ना?

या सगळ्या उपचारात डायरीइतका भरवशाचा कागद दुसरा नाही. उपकरण बसवायचं की नाही, हे शेवटी तिच्यावरूनच ठरतं. स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं चालेल, फक्त ते त्याच कामाला राखून ठेवा. किमान तीन दिवस लिहा, आणि ते तीन दिवस नेहमीसारखेच असू द्या. उपासाचे किंवा लग्नघरातले नकोत.

नमुन्यादाखल एका दिवसातल्या तीन नोंदी : ६:१० ला स्वतःहून ९० मिली, लगेच नळीने ३१०. १०:३० ला स्वतःहून ६०, नळीने २८०. दुपारी २ ला स्वतःहून काहीच नाही, नळीने ३४०, ‘भरल्याचं कळलं नाही, घड्याळ बघून गेले’. एवढ्या तीन ओळींत बरंच कळतं. मूत्राशयाची जागा पुरेशी आहे, ४०० मिलीपर्यंत गळती नाही, पण तीन चतुर्थांशाहून जास्त लघवी मागे राहते आणि भरल्याची जाणीव पुसट आहे. डॉक्टरांना सांगितलेलं ‘थोडी थोडी होते’ हे वाक्य यातलं काहीच सांगत नाही.

कोणत्या तपासण्या लागतात?

लघवीची तपासणी आणि कल्चर, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), किडनीची सोनोग्राफी आणि लघवी करून आल्यावर शिल्लक किती याचं माप. ५० मिलीच्या आत शिल्लक सहसा चालते. ३०० मिलीच्या वर सहा महिने टिकून राहिली तर तिला जुनी तुंब म्हणतात.

त्यानंतर युरोडायनॅमिक तपासणी. मूत्राशयात आणि गुदद्वारात अगदी बारीक नळ्या घालून सलाइन सोडतात आणि दाब मोजतात. प्रश्न एकच असतो : लघवी अडते ती मूत्राशय ढकलत नाही म्हणून, की पुढे रस्ता बंद आहे म्हणून? दाब कमी, धार कमी असेल तर नस किंवा स्नायू दुबळा. दाब जास्त आणि धार कमी असेल तर अडथळा. साठीच्या पुरुषाला गुदाशयाचं ऑपरेशन झाल्यावर लघवी अडली, तर आधीपासून वाढलेला प्रोस्टेट हेच कारण असू शकतं. खोकताना गळते म्हणून मूत्रमार्गाखाली आधाराची टेप बसवलेल्या बाईला टेप घट्ट झाल्यामुळे अडू शकते. या दोघांना नसांच्या उत्तेजनेची नाही, अडथळा दूर करण्याची गरज आहे. ही पायरी वगळून थेट उपकरणाची भाषा होत असेल तर थांबा आणि दुसरं मत घ्या.

वीज देऊन मूत्राशय आकुंचन पावतो का?

हा सर्वांत मोठा गैरसमज. बटण दाबलं की लघवी सुटते असं हे यंत्र नाही. तसं काम करणारं वेगळं उपकरण आहे, ते मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णांसाठी, आणि त्यात काही नसा मुद्दाम कापाव्या लागतात.

इथे दिला जाणारा झटका सौम्य असतो आणि तो मुख्यतः मूत्राशयाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांवर, म्हणजे निरोप वर नेणाऱ्या तारांवर काम करतो. मूत्राशय भरल्याचा निरोप आणि ओटीपोटाचा स्नायू आवळून ठेवण्याचा निरोप यांचा मेळ कण्यात आणि मेंदूत बसतो. ऑपरेशननंतर हा मेळ बिघडलेला असतो. कोणाची मूत्राशयाची उबळ सारखी सुटते, कोणाचा झडपेचा स्नायू सैल होत नाही आणि मूत्राशयाला ‘आता नको’ असाच निरोप मिळत राहतो. उत्तेजनेने तो मेळ पुन्हा बसायला मदत होते. म्हणूनच एकच उपचार लघवी न धरवणाऱ्यालाही चालतो आणि न होणाऱ्यालाही.

यावरूनच त्याची मर्यादाही कळते. निरोप नेणारी निदान एक तार शिल्लक हवी. दोन्ही बाजूंच्या नसा पूर्ण तुटल्या असतील, मूत्राशयाचा स्नायू वर्षानुवर्षं ताणून ढिला पडला असेल, किंवा रेडिएशनने भिंत कडक होऊन मूत्राशय आक्रसला असेल, तर कितीही वीज दिली तरी उपयोग होत नाही.

घोट्याला सुई लावून करतात तो उपचार काय?

घोट्याच्या आतल्या बाजूने तळपायाकडे जाणाऱ्या नसेचं मूळ आणि मूत्राशयाच्या नसांचं मूळ कण्यात एकाच पट्ट्यात आहे. म्हणून पायातून निरोप पाठवला की तो मूत्राशयाच्या केंद्रापर्यंत पोचतो.

आतल्या घोट्याच्या हाडापासून साधारण तीन बोटं वर, नडगीच्या हाडाच्या मागे, केसासारखी बारीक सुई सुमारे ६० अंशांत तिरकी घालतात. त्याच पायाच्या टाचेला चिकटपट्टी लावतात. यंत्र सुरू करून करंट हळूहळू वाढवतात. पायाचा अंगठा खाली वाकला, बोटं पंख्यासारखी फाकली किंवा तळव्यात झिणझिण्या आल्या की जागा बरोबर. नुसतं सुईपाशी टोचत असेल आणि तळव्यात काहीच जाणवत नसेल तर सुई चुकली आहे, हे तुम्हीही बोलून दाखवा. सेकंदाला २० ठोके, एका ठोक्याची रुंदी २०० मायक्रोसेकंद, करंट ०.५ ते ९ मिलिअँपिअर, वेळ ३० मिनिटं. आठवड्यातून एकदा असे १२ आठवडे. गुण आला तर पुढे महिन्यातून एकदा.

सहा-आठ बैठकींनंतर फरक दिसायला लागतो. चौथ्या आठवड्यातच सोडून देणं ही नेहमीची चूक. मात्र हा उपचार मुख्यतः घाई, वारंवारता आणि गळती यांसाठी आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, खऱ्या उत्तेजनेने स्पष्ट सुधारणा झाली असं ५४.५ टक्के रुग्णांनी सांगितलं, खोट्या, म्हणजे नुसत्या दिखाव्याच्या उत्तेजनेत २०.९ टक्क्यांनी. ती चाचणीही अशाच घाईच्या तक्रारींची होती. पूर्ण तुंबणाऱ्या लघवीसाठी या पद्धतीचा पुरावा कमकुवत आहे. तुंब असलेल्या रुग्णाने सोलापूरहून बारा खेपा करण्याआधी हे नीट समजून घ्यावं.

टेन्सचं (कातडीवरून सौम्य करंट देणारं) मशीन घेऊन घरी करता येईल का?

सुईऐवजी चिकटपट्ट्या वापरून, त्याच नसेवर, करता येतं. एक पट्टी आतल्या घोट्याच्या मागे, दुसरी तिच्यावर सुमारे १० सेंटिमीटर. सेकंदाला १० ते २० ठोके, २०० मायक्रोसेकंद, अर्धा तास. अंगठा जरासा हलेपर्यंत वाढवायचं आणि मग सुसह्य होईल इतकं कमी करायचं. दुकानातली काही मशीन ठोक्यांची रुंदी दाखवतच नाहीत, ती घेऊ नका. पेसमेकर असेल, गरोदरपण असेल, पायावर जखम असेल तर नाही. मधुमेहाने तळपाय बधीर असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण करंट किती झाला हे कळतच नाही आणि कातडी भाजते. पट्टीची पहिली जागा फिजिओथेरपिस्टकडून पेनने खुणा करून घ्या.

पाठीत बसवतात ते उपकरण कसं बसवतात?

याला सॅक्रल न्यूरोमॉड्युलेशन म्हणतात. सुरुवात १९८० च्या दशकाच्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोत झाली. अमेरिकेत लघवीच्या घाईच्या गळतीसाठी १९९७ मध्ये आणि अडथळा नसलेल्या तुंबेसाठी १९९९ मध्ये मान्यता मिळाली.

ते दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात रुग्णाला पालथं झोपवतात, पोटाखाली उशी आणि पाय मोकळे, म्हणजे बोटं दिसतात. एक्स-रेच्या मदतीने त्रिकास्थीच्या तिसऱ्या छिद्रातून सुई घालतात. आता सगळ्यांचं लक्ष दोन ठिकाणी असतं : गुदद्वाराभोवतीचा भाग आणि पायाचा अंगठा. करंट दिल्यावर ढुंगणाच्या फटीतला स्नायू भात्यासारखा आत ओढला गेला आणि अंगठा खाली वाकला, तर सुई बरोबर तिसऱ्या नसेवर. पोटरी आवळून टाच किंवा अख्खा पाय फिरला तर दुसरी नस लागली. भाता हलला पण अंगठा गप्प, तर चौथी. हे सगळं स्नायूंच्या हालचालीवरून कळत असल्याने भूल देताना स्नायू सैल करणारं दीर्घ परिणामाचं औषध टाळावं लागतं. भूलतज्ज्ञांशी हे आधीच बोललेलं असलं पाहिजे.

जागा पटली की चार संपर्कबिंदू असलेली तार सरकवतात. तारेला बारीक काटे असतात, ते मांसात रुततात. हालचाल चारही बिंदूंवर कमी करंटात मिळणं ही चांगल्या जागेची खूण. एकाच बिंदूवर मिळाली तर पुढे बदल करायला वाव उरत नाही. तारेचं दुसरं टोक कातडीखालून बाहेर काढून पट्ट्यावरच्या छोट्या यंत्राला जोडतात. मग दोन ते चार आठवडे चाचणी. दुसरी पद्धत म्हणजे काटे नसलेली तात्पुरती तार, जी तीन ते सात दिवसच ठेवतात. ती सोपी आणि स्वस्त, पण सहज सरकते. तुंबेच्या रुग्णांना गुण उशिरा दिसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी लांब चाचणीच जास्त न्याय्य आहे.

दुसऱ्या टप्प्यात, चाचणी यशस्वी झाली तरच, ढुंगणाच्या वरच्या भागात चरबीत बॅटरी बसवतात. सेटिंग बहुधा सेकंदाला १४ ठोके, २१० मायक्रोसेकंद. रुग्णाला योनी, अंडकोष किंवा गुदद्वाराजवळ हलकी टकटक जाणवते. पोटरीत किंवा मांडीत जाणवत असेल तर सेटिंग बदलायला हवं.

चाचणीच्या दिवसांत काय टाळायचं?

तार सरकली की चाचणी फसते, आणि ती अपयशी म्हणून नोंदली जाते. खाली वाकून केर काढणं, पाण्याची भरलेली बादली किंवा हंडा उचलणं, पोराला कडेवर घेणं, योगासनं, सिंहगड, सगळं बंद. दोन-अडीच किलोच्या वर काही उचलू नका. उकिडवं बसायला लागू नये म्हणून घरी खाली बसायचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आधीच आणा. मांडी घालून जेवायला बसू नका. दुचाकी नको, ना चालवायला ना मागे बसायला. रस्त्यांवरचे गतिरोधक आणि खड्डे लक्षात घ्या. रिक्षाचा धक्काही कमी नसतो, शक्यतो मोटार बघा. अंघोळीऐवजी ओल्या टॉवेलने अंग पुसा, ड्रेसिंग भिजू देऊ नका. पावसाळ्यात चाचणी असेल तर कमरेचा पट्टा कोरडा ठेवण्याची सोय आधीच करा.

डायरी या काळात रोज लिहायची, एकही दिवस न चुकता.

चाचणी यशस्वी झाली हे कसं ठरवतात?

मुख्य तक्रारीत निदान ५० टक्के सुधारणा. वरच्या नमुन्यातल्या रुग्णाची दहाव्या दिवसाची नोंद सकाळी स्वतःहून २६० आणि नळीने १२० अशी आली, नळीच्या खेपा पाचावरून दोनावर आल्या, तर उत्तर स्पष्ट आहे. नोंद स्वतःहून १२० आणि नळीने २९० अशी असेल तर नाही, मग मनाला कितीही बरं वाटत असो. चाचणीच्या शेवटी दोन दिवस यंत्र बंद करून आकडे पुन्हा बिघडतात का तेही बघता येतं. शंका असेल तिथे हे करून बघणं चांगलं. चाचणी फसली तर तार काढून टाकतात. झालेला खर्च जातो, पण पुढचा मोठा खर्च आणि एक निरुपयोगी बॅटरी वाचते.

किती जणांना गुण येतो?

तुंबेच्या रुग्णांवरचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही आधार मानला जातो. त्यात उपकरण बसवल्यावर सहा महिन्यांनी ६९ टक्के रुग्णांची नळी पूर्ण सुटली. पण हे सगळे आधी चाचणीत उत्तीर्ण झालेले होते आणि त्यांची तुंब फक्त ऑपरेशनमुळे आलेली नव्हती. मोठ्या कॅन्सर ऑपरेशननंतर, विशेषतः रेडिएशनही झालं असेल तर, अपेक्षा याहून कमी ठेवावी. भरल्याची थोडी तरी जाणीव आणि थोडी तरी आपली आपण होणारी लघवी, या दोन गोष्टी शिल्लक असतील तर आशा जास्त.

काय काय बिघडू शकतं?

बॅटरीच्या जागी दुखणं सर्वांत सामान्य. पॅंटचा पट्टा किंवा साडीची नाडी जिथे बसते ती जागा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, नेहमीच्या कपड्यांत, उभं राहून पेनने दाखवा. पालथं झोपल्यावर ती जागा कळत नाही.

जंतुसंसर्ग कमी जणांना होतो, पण झाला तर बहुधा सगळं काढावं लागतं. अँटिबायोटिकने बॅटरीवरचे जंतू जात नाहीत. मधुमेह आटोक्यात नसेल तर ऑपरेशन पुढे ढकला. लाली, सूज, पू, ताप दिसला की त्याच दिवशी दाखवा.

गुण एकाएकी गेला तर घाबरू नका. आधी यंत्र चालू आहे का बघा, कधी कधी ते नकळत बंद झालेलं असतं. मग डॉक्टर तारेचा विद्युत रोध मोजतात. तो ४००० ओहमच्या वर असेल तर तार तुटली किंवा सुटली, ५० च्या खाली असेल तर दोन बिंदू एकमेकांना चिकटल्यासारखे झाले. रोध ठीक असेल तर एक्स-रे काढून ऑपरेशनच्या दिवशीच्या एक्स-रेशी ताडून बघतात. म्हणून तो पहिला एक्स-रे, समोरून आणि बाजूने काढलेला, स्वतःजवळ जपून ठेवा. पडल्यानंतर गुण गेला असेल तर ते जरूर सांगा. पुष्कळदा नुसता संपर्कबिंदू बदलून काम भागतं.

कॅन्सरसाठी पुढे एमआरआय लागणार आहे. चालेल?

हा प्रश्न उपकरण निवडण्याच्या आधी विचारायचा. जुन्या बनावटीत फक्त डोक्याचा एमआरआय चालत असे. गर्भाशयमुख किंवा गुदाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णाला मात्र ओटीपोटाचाच लागतो. २०१९-२० नंतर आलेल्या मॉडेल्सना ठरावीक अटींवर पूर्ण शरीराच्या एमआरआयची मुभा आहे. तुमच्या बॅटरीचं आणि तारेचं, दोन्हींचं मॉडेल कोणतं ते लेखी घ्या. चाचणीच्या काळात एमआरआय नको, तो त्याआधीच उरकून घ्या. आणि कॅन्सर परत आल्याचा संशय असेल तर आधी तो निस्तरायचा.

शेक, मेटल डिटेक्टर, दुसरी ऑपरेशनं?

गुडघा किंवा मान दुखते म्हणून फिजिओथेरपीत शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक देतात. तो शरीराच्या कोणत्याही भागावर घ्यायचा नाही, यंत्र बंद असलं तरीही नाही. तार तापून नस कायमची भाजू शकते. गरम पाण्याची पिशवी दुखऱ्या गुडघ्यावर चालते. दुसरं ऑपरेशन ठरलं तर सर्जनला आधी सांगा, यंत्र बंद करावं लागतं आणि रक्त थांबवायचं विद्युत उपकरण जपून वापरावं लागतं.

मेट्रोच्या किंवा मॉलच्या दारातल्या चौकटीतून थांबून न राहता नेहमीच्या चालीने जा, लोहगाव विमानतळावर उपकरणाचं कार्ड दाखवून हाताने तपासणी मागा. गरोदरपण कळताच यंत्र बंद करतात.

औषधांनी भागणार नाही का?

अडथळा थोडा असेल तर टॅमसुलोसिनसारखी औषधं उपयोगी पडतात. मूत्राशयाला चेव आणणारी औषधं तुंबेत फारशी उपयोगी ठरलेली नाहीत. उलट उबळ कमी करणारी औषधं शिल्लक वाढवतात, म्हणून शिल्लक मोजल्याशिवाय सुरू करू नयेत. सर्दी-खोकल्याच्या साध्या गोळीनेही अर्धवट होणारी लघवी पूर्ण अडू शकते. बद्धकोष्ठतेचंही तसंच, ती आधी दूर करा.

खर्च आणि मदत?

कायमचं उपकरण आयात होतं आणि नुसत्या उपकरणाचाच खर्च लाखांत जातो. ऑपरेशन, चाचणीची तार, सेटिंगच्या भेटी वेगळ्या. अंदाजपत्रक दोन्ही टप्प्यांचं वेगवेगळं मागा आणि चाचणी फसली तर किती द्यावे लागतील ते त्यात लिहून घ्या. विमा असेल तर पहिल्या टप्प्याआधीच पूर्वमंजुरी मागा, कारण काही विमा कंपन्या चाचणीला ‘तपासणी’ म्हणून नाकारतात.

धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एएखाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. पुण्यातली अनेक मोठी रुग्णालयं यात येतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना दाखल होण्याआधी भेटा, आणि इम्प्लांटची किंमत सवलतीत कशी धरली जाते ते लेखी विचारा.

बॅटरी किती वर्षं टिकते?

जुन्या चार्ज न होणाऱ्या तीन ते पाच वर्षं, नव्या दहा किंवा जास्त. चार्ज होणाऱ्या १५ वर्षं, पण त्या ठरावीक दिवसांनी कातडीवर चार्जर धरून भराव्या लागतात. ज्यांना एकट्याने हे जमणार नाही, त्यांनी चार्ज न होणारी घ्यावी. बॅटरी बदलणं छोटं ऑपरेशन असतं, तार ठीक असेल तर तीच वापरतात.

रुग्ण दगावला तर उपकरणाचं काय?

विचारायला जड जातं, पण घरच्या एकाला तरी हे माहीत असावं. दहनाआधी बॅटरी काढावी लागते, कारण उष्णतेने ती फुटते, मग लाकडाची चिता असो की वैकुंठ स्मशानभूमीतली विद्युतदाहिनी. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर तिथल्या डॉक्टरांना लगेच सांगा. घरी झाला असेल तर मृत्यूचा दाखला द्यायला येणाऱ्या डॉक्टरांना उपकरणाचं कार्ड दाखवा. काढायला छोटीशी चीर आणि काही मिनिटं पुरतात. कार्ड कुठे ठेवलंय ते आधारकार्डाबरोबरच घरच्यांना दाखवून ठेवा.